सिरपूरची उतरती कड : एका हिवाळी पाहणीच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

सिरपूर तलावाच्या हिवाळी पाहणीची नोंदवही आजपासून सुरू करीत आहोत. वाचनालयातल्या आमच्या लहानशा गटाने या हंगामासाठी एकच प्रश्न निवडला आहे: पावसाळ्यानंतर तलावाचे पाणी जसजसे उतरते, तसतशी उघडी पडत जाणारी ओली कड कोणते पक्षी कशासाठी वापरतात, आणि जिथे अशी कडच नाही तिथे काय घडते. पक्ष्यांची मोजणी इंदुरात अनेक जण वर्षानुवर्षे करीत आले आहेत आणि त्यांचा अनुभव आमच्याहून कितीतरी मोठा आहे; आम्हाला पाण्याची पातळी, काठाचा उतार आणि पक्ष्यांची जागा या तिन्ही गोष्टी एकाच कागदावर शेजारी शेजारी मांडून पाहायच्या आहेत. आकडे वेगळ्या तक्त्यात जातील. या वहीत निरीक्षणे, त्यांमागची कारणे आणि पुढच्या कामाबद्दलचे निर्णय लिहायचे असे ठरले आहे.

तलाव शहराच्या पश्चिमेला, धार रस्त्यालगत आहे. होळकर संस्थानाच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, इंदूरला पाणी पुरवण्यासाठी तो बांधला गेला. १९७८ मध्ये नर्मदेचे पाणी नदीकाठच्या जलूदहून शहरात आले आणि जुन्या तलावांवरची शहराची भिस्त कमी होत गेली. गटातल्या ज्येष्ठांना त्याआधीचे टंचाईचे उन्हाळे अजून आठवतात, आणि सिरपूरबद्दल बोलताना त्यांच्या आवाजात जी कृतज्ञता येते ती आमच्या पिढीने लक्षात ठेवण्यासारखी आहे. ज्या तलावाची नळाला गरज उरत नाही, त्याच्याकडे शहराचे लक्षही राहत नाही. सांडपाणी, जलपर्णी आणि काठावरची अतिक्रमणे मग एकामागून एक येतात. सिरपूरवर ती वेळ आली होती. त्या काळात, १९९० च्या दशकापासून, ज्या नागरिकांनी हा तलाव पक्ष्यांसाठी राखण्याचा ध्यास घेतला, त्यांत छायाचित्रकार भालू मोंढे यांचे नाव अग्रभागी आहे. त्यांना २०१६ मध्ये पद्मश्री मिळाली. १६१ हेक्टरांच्या या पाणथळ जागेचा समावेश २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत झाला. गंभीर नदीवरचा यशवंत सागर हा जलाशयही त्याच वर्षी त्या यादीत आला.

रामसरच्या नोंदीत सिरपूरचे वर्णन उथळ, अल्कधर्मी आणि पोषणद्रव्यांनी समृद्ध असे केले आहे, आणि पावसाळ्यातली त्याची कमाल खोली सुमारे दोन मीटर दिली आहे. आमच्या प्रश्नाच्या दृष्टीने या वर्णनातला उथळपणा सर्वांत महत्त्वाचा. दोन मीटर खोलीच्या तलावात पाणी हातभर उतरले, तरी काठाचे रूप पूर्ण बदलून जाते.

१ डिसेंबर २०२४, रविवार

आवश्यक ती परवानगी घेऊन आज खुंट्या रोवल्या. मातीच्या काठावर, जिथे उतार सर्वांत सौम्य वाटला, तिथे पाण्याच्या आजच्या रेषेवर पहिली खुंटी आहे. यापुढे प्रत्येक भेटीत पाणी जिथपर्यंत मागे सरकले असेल तिथे नवी खुंटी बसेल आणि तिच्यावर तारीख लिहिली जाईल. दुसरी जागा पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, दगडी तोंडावर घेतली असून तिथे खुंटीऐवजी रंगाची खूण करीत जाऊ. दोन्ही ठिकाणचे पाणी एकच आहे आणि ते सारखेच उतरणार आहे, म्हणून फरक दिसला तर तो काठाचा असेल, पाण्याचा नाही.

गटातले निवृत्त अभियंता काका पारदर्शक नळीत पाणी भरून समतल पाहण्याची गवंड्यांची जुनी पद्धत वापरून उतार मोजीत होते. मातीच्या काठाचा उतार साधारण शंभरास एक निघाला. याचा अर्थ असा की पाणी एक सेंटिमीटर उतरले की तिथे जवळपास एक मीटर रुंदीचा नवा चिखल उघडा पडतो. पाळीच्या दगडी उतारावर त्याच एका सेंटिमीटरने जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटर दगड उघडा पडतो, आणि तोही कोरडा. हिवाळ्यात बाष्पीभवनाने दिवसाला काही मिलिमीटर पाणी कमी होते, झिरप वेगळी. म्हणजे सौम्य काठावर आठवड्याला दोन-तीन मीटर रुंदीचा, पावसाळ्यापासून पाण्याखाली मुरलेला, किड्या-अळ्यांनी भरलेला ताजा पट्टा पक्ष्यांसमोर येत राहणार. हा हिशेब काकांनी जमिनीवर काडीने मांडून दाखवला तेव्हा आमच्या कामाची दिशा आम्हाला प्रथमच नीट समजली.

८ डिसेंबर २०२४, रविवार

थंडी वाढली आहे. नवी खुंटी बसवली. कडेवर शेकाटे, ठिपकेवाल्या तुताऱ्या, टिटव्या आणि पांढरे धोबी हे पक्षी होते. दगडी पाळीवर एक छोटा पाणकावळा पंख वाळवीत बसला होता, एवढेच.

१५ डिसेंबर २०२४, रविवार

आजची सकाळ स्वच्छ होती आणि सूर्य पाठीशी येईल अशा पूर्वेकडच्या जागेवरून बराच वेळ शांतपणे पाहता आले. बदकांच्या नरांची पिसे आता पूर्ण रंगली आहेत. ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून येताना बहुतेक नर मादीसारखेच मळकट दिसतात, त्यामुळे त्या वेळी ओळख पटवणे कठीण जाते. डिसेंबरच्या मध्यावर ती अडचण राहत नाही, आणि नव्या निरीक्षकांनी सिरपूरला पहिली भेट याच सुमारास द्यावी असे मी सुचवीन.

आज प्रत्येक जातीसमोर ती कोणत्या खोलीच्या पाण्यात आहे हे लिहिले. खोली मोजण्यासाठी पाण्यात उतरण्याची गरज पडत नाही. कडेपासूनचे अंतर आणि काठाचा उतार ठाऊक असला की खोलीचा अंदाज निघतो, आणि पक्ष्याच्या अंगावरूनही ती कळते: शेकाट्याच्या लांब लाल पायांचा किती भाग पाण्याबाहेर आहे, चक्रांग बदक चालते आहे की पोहते आहे, तलवार बदक शेपूट वर करून डोके खाली घालते तेव्हा त्याची चोच तळाला लागते आहे का.

जे दिसले ते असे. अगदी कडेला, जिथे चिखल ओला आहे पण पाणी नाही, तिथे कंठेरी चिखल्या धावत-थांबत फिरत होता. त्याची चोच आखूड असते आणि तो डोळ्याने भक्ष्य टिपतो, म्हणून त्याला वरचा मोकळा चिखल लागतो. त्याच्यापुढे बोटभर पाण्यात छोटे टिलवे आणि तुताऱ्या होत्या. गवताच्या आडोशाला पाणलावा आपली लांब चोच चिखलात मुळापर्यंत खुपसत होता. तिच्या टोकाला स्पर्शाची जाण असते आणि न दिसणारे भक्ष्य तो तिने शोधतो. पोटरीभर पाण्यात शेकाटे. त्यानंतर चक्रांग बदके, मग हळदी-कुंकू बदके आणि तलवार बदके. तलवार बदकाची मान लांब असल्यामुळे चक्रांग बदकाला न पोहोचणारा तळ त्याला गाठता येतो, आणि म्हणून दोघे एकाच थव्यात दिसले तरी एकमेकांच्या ताटातले खात नाहीत. थापट्यांना तळाची गरज कमी. ते रुंद चोच पाण्यात अर्धी बुडवून गोल गोल पोहत होते आणि चोचीच्या कडेच्या बारीक दातऱ्यांतून पाणी गाळून त्यातले सूक्ष्म जीव खात होते. आणखी आत, खोल पाण्यात, बुड्या मारणाऱ्या छोट्या लालसऱ्या आणि वारकरी पक्ष्यांचे मोठे काळे थवे.

छोटी लालसरी ही जगाच्या पातळीवर असुरक्षित ठरवली गेलेली जात आहे. सिरपूरवर ती दरवर्षी दिसते म्हणून तिच्याकडे नेहमीचा पाहुणा म्हणून पाहिले जाते; तिच्या नोंदी जास्त काळजीने घ्याव्यात असे आज ठरले.

एका अरुंद पट्ट्यात, कडेपासून साठ-सत्तर मीटरांच्या आत, इतक्या वेगवेगळ्या चोचींची आणि पायांची सोय होते याचे कारण तो उतार आहे. काठ उभा असता तर खोल पाण्यातले वारकरी आणि लालसऱ्या तेवढ्या राहिल्या असत्या. बाकीच्यांना उभे राहायलासुद्धा जागा मिळाली नसती.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

नऊ वाजेपर्यंत दाट धुके होते. अडईंची शीळ आणि जांभळ्या पाणकोंबड्यांचा कलकलाट ऐकू आला, दिसले काहीच नाही. फक्त खुंटी बसवून परत आलो.

२९ डिसेंबर २०२४, रविवार

आज संध्याकाळची पाहणी ठेवली होती, आणि या हंगामातले सर्वांत महत्त्वाचे निरीक्षण तिने दिले असे मला वाटते.

सकाळच्या भेटींमध्ये बदकांचा मोठा भाग तलावाच्या मध्यावर, मोकळ्या पाण्यात, चोच पाठीच्या पिसांत खुपसून झोपलेला दिसतो. हे पाहून एखाद्याचा असा समज होऊ शकतो की बदकांना तलावाचा मध्यच प्रिय आहे आणि काठाशी त्यांचा फारसा संबंध नाही. मोजणीचे तक्तेही तेच सांगतात, कारण मोजणी दिवसा होते. प्रत्यक्षात हिवाळी बदकांपैकी अनेक जाती रात्री चरतात. दिवसाचा मुक्काम सुरक्षिततेसाठी असतो: मोकळ्या पाण्यात कुत्रा पोहोचत नाही आणि शिकारी पक्षी दुरून दिसतो.

सूर्य मावळण्याच्या सुमारास एक दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाणकणसांवरून अगदी खाली, पंख किंचित वर धरून, संथ फेऱ्या घालून गेला. वारकरी दाटीवाटीने एकत्र आले. तो निघून गेल्यावर पाण्यावर काही वेळ शांतता होती. मग उजेड इतका कमी झाला की दुर्बिणीतून रंग ओळखू येईनासे झाले, आणि तेव्हा मध्यावरचे थवे जागे होऊन हलू लागले. चक्रांग बदके लहान लहान तुकड्यांनी उठून सरळ आमच्या खुंट्यांच्या बाजूच्या कडेला उतरली. पंखांचा आवाज डोक्यावरून गेला आणि थोड्याच वेळात उथळ पाण्यात चोचींची चुबुकचुबुक सुरू झाली. तलवार बदके पोहतच आली. पाळीवर पथदिव्यांचा उजेड पडतो त्या बाजूकडे कोणताही थवा वळला नाही, जरी तिकडे जाण्याचे अंतर कमी होते. एका संध्याकाळच्या निरीक्षणावरून उजेडाबद्दल निष्कर्ष काढता येणार नाही, कारण त्या बाजूला उतारही नाही. पण हे तपासलेच पाहिजे असे ठळक अक्षरांत लिहून ठेवले आहे.

शहरात तलावाचे सौंदर्य वाढवायचे म्हटले की काठाने पायवाट, दगडी बांधणी आणि दिवे हे तीन विचार सर्वांत आधी येतात. त्यांमागे वाईट हेतू नसतो. लोकांनी तलावापाशी यावे, तिथे सुरक्षित वाटावे, ही इच्छा मलाही रास्त वाटते, आणि ज्या तलावापाशी कोणी येत नाही त्याला वाचवायलाही कोणी येत नाही हे सिरपूरच्याच इतिहासाने दाखवले आहे. परंतु बदकांच्या जेवणाची जागा नेमकी तीच आहे जिथे ही तिन्ही कामे होतात, आणि त्यांच्या जेवणाची वेळ नेमकी तीच आहे जेव्हा दिवे लागतात. माणसांसाठी पाळ आहे. ती उंच आहे, कोरडी आहे आणि तिथून सारा तलाव दिसतो. मातीची कड पक्ष्यांसाठी अंधारी ठेवली तर कोणाचेच काही बिघडत नाही.

५ जानेवारी २०२५, रविवार

जानेवारी हा आशियाई पाणपक्षी गणनेचा महिना आहे. १९८७ मध्ये भारतीय उपखंडात सुरू झालेली ही गणना दरवर्षी स्वयंसेवकांच्या बळावर होते, आणि एकाच ऋतूत अनेक देशांत झाल्यामुळे एकाच पक्ष्याला दोन ठिकाणी मोजण्याचा धोका कमी राहतो. आमच्या तक्त्यांची रचना आम्ही तिच्या पद्धतीशी जुळवून घेतली. मोजणी डावीकडून उजवीकडे, एकदाच, मागे न वळता करायची. मोठ्या थव्यात प्रथम दहा पक्षी नीट मोजून तेवढी जागा नजरेत धरायची आणि मग त्या मापाने पुढे जायचे. ओळख पटली नाही तर अंदाजाने जात न लिहिता ‘अनोळखी बदक’ एवढेच लिहायचे. आमच्यातल्या शाळकरी मुलीने हा शेवटचा नियम सर्वांत काटेकोरपणे पाळला.

खुंट्यांच्या पट्ट्यात आज नवा बदल दिसला. डिसेंबरच्या सुरुवातीला उघडा पडलेला वरचा भाग आता सुकून भेगाळला आहे आणि त्यावर बारीक हिरवे गवत उगवले आहे. तिथे तुताऱ्या येत नाहीत. त्यांची जागा पिवळ्या धोब्यांनी आणि गायबगळ्यांनी घेतली आहे. वारकरीही पाण्यातून चालत वर येऊन हे कोवळे गवत खाताना दिसले. म्हणजे कडेचा प्रत्येक पट्टा काही दिवस एका पाहुण्याचा असतो, मग दुसऱ्याचा होतो, आणि हे सारे पाणी सतत उतरत राहण्यावर अवलंबून आहे. हिवाळाभर पातळी स्थिर धरून ठेवली तर एकच पट्टा वापरला जाऊन लवकर संपेल.

१४ जानेवारी २०२५, मंगळवार

संक्रांत. आज पाहणी नव्हती, तरी गटातले दोघे-तिघे काठावर मांजा गोळा करायला गेले होते. तलावाच्या पश्चिमेच्या बाभळींवर आणि तारांवर पतंग अडकतात आणि त्यांचा दोरा पाण्यावर लोंबकळतो. नायलॉनच्या मांज्यावर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली आहे, तरीही तो मिळतो. सुती दोरा पावसाळ्यापर्यंत कुजून जातो, नायलॉनचा वर्षानुवर्षे टिकतो, आणि सकाळ-संध्याकाळ थव्यांची ये-जा याच उंचीवरून होते. एका ढोकरीचा पाय गुंतलेला सापडला. दोरा कापल्यावर ती उडून गेली. गोळा केलेला मांजा कात्रीने बारीक तुकडे करूनच टाकायचा, म्हणजे त्यात पुन्हा काही अडकणार नाही.

१९ जानेवारी २०२५, रविवार

चिखलात काय आहे ते आज पाहिले. कडेच्या तीन ठिकाणांहून चिखलाचा सारख्या मापाचा गोळा घेऊन चाळणीत धुतला: सुकलेला वरचा पट्टा, गेल्या आठवड्यात उघडा पडलेला पट्टा, आणि बोटभर पाण्याखालचा तळ. वरच्या पट्ट्यात रिकामे शंख तेवढे निघाले. उरलेल्या दोन्हींत लालभडक अळ्या वळवळत होत्या. डासांसारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या या अळ्या आहेत. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असते, म्हणून त्यांचा रंग लाल असतो आणि प्राणवायू कमी असलेल्या चिखलातही त्या जगतात. टिलव्यांपासून चक्रांग बदकांपर्यंत अनेकांचे हे अन्न आहे.

इथे एक गोष्ट जपून लिहायला हवी. या अळ्या सांडपाण्याने बिघडलेल्या चिखलातही भरपूर वाढतात, कारण जिथे इतर जीव गुदमरतात तिथे त्या तग धरतात. म्हणून अळ्या भरपूर, पक्षी भरपूर, म्हणून पाणी निरोगी, असा सरळ हिशेब मांडता येत नाही. पोषणद्रव्ये एका मर्यादेपर्यंत तलावाला समृद्ध करतात आणि त्यापुढे त्याला गिळून टाकतात: आधी शेवाळ, मग जलपर्णीचे आवरण, मग त्याखाली उजेड आणि प्राणवायू दोन्ही न पोहोचलेले काळे पाणी. जलपर्णीने झाकलेल्या भागात कमळपक्षी चालू शकतो, पण बदकांना उतरायला जागा उरत नाही. पाणपक्ष्यांच्या यादीसोबत चिखलातल्या जीवांचे वैविध्यही पाहिले तरच तलावाची प्रकृती कळेल, आणि पुढच्या हंगामात महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या एका ताईंनी यात मदत करण्याचे कबूल केले आहे.

पलीकडच्या काठावर चरणाऱ्या म्हशींबद्दल गटात मतभेद झाले. काहींना त्या अडथळा वाटतात. माझे निरीक्षण असे की जिथे म्हशी येतात तिथे पाणकणीस आणि बेशरमाची झुडपे कडेपर्यंत दाटत नाहीत, चिखल मोकळा राहतो, आणि त्यांच्या खुरांच्या ठशांत साचलेल्या पाण्यात तुताऱ्या चरतात. मोजकी गुरे कडेला उपकारक असतात. त्यांची संख्या वाढली की तीच कड तुडवली जाते. ही मर्यादा कुठे आहे हे ठरवण्याइतकी माहिती अजून गोळा झालेली नाही, म्हणून दोन्ही मते नोंदवून विषय पुढे ठेवला.

२६ जानेवारी २०२५, रविवार

आनंदाची बातमी आली आहे. रामसर कराराच्या वतीने दिली जाणारी ‘पाणथळ शहर’ ही मान्यता इंदूर आणि उदयपूर यांना मिळाली असून भारतातली ही पहिलीच दोन शहरे आहेत. या वेळी जगातल्या एकतीस शहरांना ही मान्यता मिळाली. आपल्या घरापासून काही किलोमीटरांवरच्या चिखलाची दखल इतक्या दूर घेतली जाते, याचा अभिमान आज सगळ्यांच्या चेहऱ्यावर होता.

सुट्टीमुळे गर्दी होती. लोक पाळीवर असेपर्यंत थवे शांत होते. पाच-सहा मुले सौम्य काठावरून पाण्याकडे धावत गेली तेव्हा कडेचे सगळे पक्षी उडाले आणि बराच वेळ परत आले नाहीत. मुलांना थांबवून दुर्बीण दिली, तर ती तिथेच बसून पाहत राहिली. उठवलेल्या बदकाचा प्रत्येक फेरा त्याच्या साठवलेल्या चरबीतून खर्च होतो, आणि तीच चरबी त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये मध्य आशियाच्या वाटेवर लागते, हे त्यातल्या थोरल्याला समजावून सांगितले. त्याने मग धाकट्यांना अडवण्याचे काम आपणहून घेतले.

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आज जागतिक पाणथळ दिन. १९७१ मध्ये याच तारखेला इराणमधल्या रामसर गावी करार झाला. गेल्या वर्षीचा राष्ट्रीय कार्यक्रम सिरपूरलाच झाला होता. आम्ही आज वाचनालयाच्या सभासदांची लहान फेरी काढली आणि खुंट्यांची रांग दाखवली. पहिल्या खुंटीपासून आजच्या पाण्यापर्यंत चालत जाताना प्रत्येक तारखेपाशी थांबून तिथे तेव्हा काय होते आणि आता काय आहे ते सांगितले. नंतर पाळीवर नेऊन त्याच दिवसांच्या रंगाच्या खुणा दाखवल्या. त्या सगळ्या मिळून एका हाताच्या अंतरात होत्या. एका आजोबांनी सारे पाहून झाल्यावर विचारले, “मग तलाव काठोकाठ भरलेला असला म्हणजे चांगला, असं आम्ही आजवर समजत होतो, ते काय?” पावसाळ्यात तो काठोकाठ भरलाच पाहिजे, नाहीतर हिवाळ्यात उतरायला पाणीच नसेल, असे उत्तर काकांनी दिले. भूजल भरून निघण्यासाठीही ते आवश्यक आहे. आमचे म्हणणे एवढेच आहे की दिवाळीनंतर पाणी मागे जाऊ लागले की उघड्या पडणाऱ्या जमिनीला रिकामी किंवा वाया गेलेली जमीन समजू नये, तिथे भराव घालू नये आणि तिला दगडाने बांधून काढू नये.

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार

दुपारी ऊन तापू लागले आहे. तलवार बदके कमी झाली. नरांची माद्यांभोवतीची लगबग वाढली असून जोड्या इथेच जमतात आणि मग एकत्र उत्तरेकडे जातात. नदी सुरय मध्यावर फिरत होते. पातळी उतरण्याचा वेग जानेवारीपेक्षा जास्त आहे आणि खुंट्यांमधले अंतर तसे वाढले आहे.

उजेडाच्या प्रश्नासाठी गेल्या आठवड्यापासून दोन जागा निवडून संध्याकाळी पाहत आहोत: दोन्हीकडे उतार मातीचाच, पण एकीकडे रस्त्याचा उजेड पोहोचतो आणि दुसरीकडे नाही. अंधाऱ्या बाजूला बदके लवकर आणि जास्त येतात असे दिसते आहे. वाऱ्याची दिशा, कुत्र्यांचा वावर आणि पाण्यातल्या वनस्पती या गोष्टी दोन्हीकडे सारख्या नाहीत, म्हणून हे पुढच्या हिवाळ्यात जागा बदलून पुन्हा पाहायचे आहे.

२ मार्च २०२५, रविवार

मोठे थवे गेले. परतीच्या वाटेवरची भुवई बदके मात्र आली आहेत आणि नराच्या डोळ्यावरची पांढरी पट्टी दुर्बिणीशिवायही दिसते. ती उथळ पाण्यात, खुंट्यांच्या शेवटच्या टप्प्यापाशी चरत होती. दक्षिणेत हिवाळा काढून परतणाऱ्या या पक्ष्यांना सिरपूर हा मधला मुक्काम आहे. डिसेंबरपासूनची कड वापरून झाली असली तरी त्यांच्यासाठी ताजा पट्टा अजून उघडतो आहे, कारण उतार पुढेही तसाच सौम्य आहे.

तक्ते, उताराचा नकाशा आणि खुंट्यांच्या तारखा यांची एक प्रत वाचनालयात ठेवली आणि एक संबंधित कार्यालयाला दिली. सोबतच्या पत्रात तीन विनंत्या केल्या आहेत: मातीच्या सौम्य काठाचा नकाशावर दाखवलेला भाग कोणत्याही बांधकामाशिवाय राखावा, त्या बाजूला नवे दिवे लावू नयेत, आणि पाहण्यासाठी येणाऱ्यांना पाळीवरच चांगली, झाडाआडची बसण्याची जागा मिळावी. पत्र स्वीकारणाऱ्या अधिकाऱ्यांनी नकाशा लक्षपूर्वक पाहिला आणि उताराचे मोजमाप कसे केले ते विचारले.

खुंट्या आज काढल्या नाहीत. पावसाळ्यात त्या पाण्याखाली जातील आणि पुढच्या नोव्हेंबरात त्यांवरूनच पातळीची तुलना करता येईल. सर्वांत वरची खुंटी ढिली झाली होती ती दगड ठोकून पक्की केली. पुढच्या हंगामासाठी दुसरी रांग म्हशींच्या काठावर, दसऱ्यानंतर लगेच लावायची आहे. चिखलाचे नमुने डिसेंबरपासूनच घ्यायचे आहेत, आणि दुर्बिणीची एक जादा जोडी मुलांसाठी नेहमी बरोबर ठेवायची आहे.